ठाण्यातून फोन आला तर? घाबरू नका, पळू नका, कागद मागा

“मुलाला जरा ठाण्यात पाठवून द्या, साहेबांना दोन मिनिटं बोलायचंय.” असा फोन आला की आपल्या घरांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. अम्मी रडायला लागते. अब्बा ओळखीचा नगरसेवक नाहीतर सरपंच शोधतात. मोठा भाऊ म्हणतो, “आधी ह्याला खालाकडे कल्याणला पाठवा, मग बघू.” मोहल्ल्यातले पाच-पंचवीस जण ठाण्यावर जायला निघतात. या गडबडीत एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही: बोलावलंय कशासाठी, आणि लेखी काही आहे का?

औंढे, मळवली, कार्ला, वलवण, लोणावळा या पट्ट्यातले पालक असे प्रश्न घेऊन आम्हा शिक्षकांकडे येतात. मुले शिकायला पुण्याला, कामाला पिंपरी-चिंचवडला आणि मुंबईला जातात. खोली भाड्याने घेतात, गाडी चालवतात, रात्रपाळी करतात, मोबाईलवर स्टेटस ठेवतात. त्यामुळे मोठ्या शहरातले पोलीस आणि कायद्याचे प्रश्न आता गावातल्या घरापर्यंत आलेत. आम्ही वकील नाही. प्रकरण अंगावर आलं तर वकिलाचाच सल्ला घ्यावा. पण वकिलापर्यंत पोचायच्या आधीचे जे दोन-चार तास असतात, त्यात काय करायचं हे प्रत्येक घराला माहीत हवं. सगळ्यात जास्त नुकसान त्याच तासांत होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आजच्या कायद्यात पोलिसांच्या जवळजवळ प्रत्येक पावलाला एक कागद आहे. बोलावण्याला कागद, अटकेला कागद, झडतीला कागद, फिर्यादीला कागद. कोणत्या वेळी कोणता कागद मागायचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ठाण्यात आवाज चढवावा लागत नाही आणि हातही जोडावे लागत नाहीत.

कायदा बदलला, नंबर बदलले

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे कायदे लागू झाले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कोणतं कृत्य गुन्हा आहे ते न्याय संहिता सांगते. पोलिसांनी आणि कोर्टाने कसं वागायचं ते नागरिक सुरक्षा संहिता सांगते. आपल्याला रोज उपयोगी पडते ती ही दुसरी. या लेखात नुसतं ‘कलम’ म्हटलं तर ते नागरिक सुरक्षा संहितेचं समजावं.

लोकांच्या तोंडी अजून १४४, १५१, ४२० हेच आकडे आहेत. जमावबंदीचं जुनं १४४ आता कलम १६३ झालं. फसवणुकीचं ४२० आता न्याय संहितेच्या ३१८ मध्ये गेलं. त्यामुळे कोणी नुसता आकडा फेकला तर घाबरून जाऊ नका. कायदा कोणता आणि कलम कोणतं, दोन्ही विचारा आणि लिहून घ्या.

बोलावणं म्हणजे अटक नव्हे

पोलिसांचं बोलावणं साधारण दोन प्रकारचं असतं, आणि दोन्हीत फरक मोठा आहे.

पहिलं साक्षीदार म्हणून. शेजारी मारामारी झाली, तुमच्या दुकानासमोर अपघात झाला, तुमच्या भाडेकरूबद्दल माहिती हवी आहे. अशा वेळी तपास करणारा अधिकारी कलम १७९ खाली लेखी आदेश देऊन बोलावू शकतो. हे जुनं कलम १६०. यात एक महत्त्वाची सवलत आहे. १५ वर्षांखालील मुलगा, ६० वर्षांवरील पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. त्यांची विचारपूस ते राहतात तिथेच करायची. स्वतःहून जायला कोणी तयार असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या घरातल्या आपा-खालांना, दादा-दादींना साक्षीसाठी ठाण्यात तासन्‌तास बसवून ठेवलं तर हे कलम शांतपणे दाखवावं.

दुसरं संशयित म्हणून. इथे कलम ३५ लागतं, जुनं ४१ आणि ४१-अ. ज्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यात पोलिसांनी उठसूट अटक करायची नाही. आधी लेखी नोटीस देऊन हजर राहायला सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात हे बजावून सांगितलं. अटक का गरजेची आहे त्याची कारणं अधिकाऱ्याने लिहायची आणि दंडाधिकाऱ्याने ती तपासायची, असा तो निकाल आहे.

नोटीस आली की दोन गोष्टी लक्षात ठेवा. नोटिशीप्रमाणे माणूस हजर राहिला, सहकार्य केलं, तर त्याला अटक करायची नाही. करायचीच असेल तर अधिकाऱ्याला तशी कारणं नोंदवावी लागतात. आणि नोटीस घेऊनही हजर राहिला नाही, तर अटकेचा रस्ता मोकळा होतो. म्हणजे मुलाला कल्याणला खालाकडे पाठवणं हा त्याला वाचवण्याचा मार्ग नाही. कायद्याने दिलेलं संरक्षण आपणच हाताने काढून घेतो.

फोनवरून बोलावलं तर उत्तर असं द्यावं: “साहेब, आम्ही यायला तयार आहोत. नोटीस द्या, त्यात तारीख, वेळ आणि गुन्हा क्रमांक लिहा.” हे अदबीने म्हणता येतं. गावात पुष्कळदा निरोप पोलीस पाटलामार्फत येतो. त्यांनाही हेच सांगावं. व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवली तर? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲप किंवा दुसऱ्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावलेली चालणार नाही.

ही माहिती भामट्यांपासूनही वाचवते. व्हिडिओ कॉलवर खाकी घालून “तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीबाहेर जाऊ नका” म्हणणारा पोलीस नसतो. तशी अटक कोणत्याच कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

स्टेटस, रील आणि नौजवान

आजकाल आपल्या मुलांना सर्वांत जास्त धोका मोबाईलमुळे आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून शहर पेटलं, दगडफेक झाली, दुकानं फुटली. एकाने ठेवलेल्या स्टेटसची किंमत पूर्ण मोहल्ल्याला चुकवावी लागते.

पुण्यातलं मे २०२५ चं प्रकरण तर प्रत्येक पालकाने समजून घ्यावं. अभियांत्रिकी शिकणाऱ्या १९ वर्षांच्या, मूळ जम्मू-काश्मीरच्या एका विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली. थोड्या वेळात तिने ती काढून टाकली, माफीही मागितली. तरी कॉलेजने काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली, आणि परीक्षेच्या दिवसांत ती येरवडा कारागृहात होती. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, कॉलेजचा आदेश स्थगित केला, परीक्षेला बसू द्यायला सांगितलं. एका विद्यार्थिनीला सुधारायची संधी देण्याऐवजी तिला गुन्हेगार ठरवलं जातंय, यावर न्यायमूर्तींनी सरकारला आणि कॉलेजला कडक शब्दांत सुनावलं.

कोर्टाने इन्साफ दिला. पण तोवर अठरा दिवस गेले होते आणि पेपर बुडाले होते. पोस्ट करायला दोन सेकंद लागतात आणि ती निस्तरायला अख्खं घर लागतं, हे मुलांना सांगायला हवं.

कायदा काय म्हणतो? दोन गटांत वैर पसरवणं हे न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये येतं, जुनं १५३-अ. शिक्षा साधारण तीन वर्षांपर्यंत, प्रार्थनास्थळी केलं तर पाचपर्यंत. धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं कलम २९९ मध्ये येतं, तिथेही तीन वर्षांपर्यंत. म्हणजे दोन्ही सात वर्षांच्या आत, नोटिशीच्या नियमात बसणारी. पण न्याय संहितेचं कलम १५२, देशाच्या सार्वभौमत्वाला धोका पोचवण्याचं, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ते लागलं की नोटिशीचं हे संरक्षण हाताशी राहत नाही. म्हणून एफआयआरची प्रत हातात आल्यावर वकिलाने आधी कोणती कलमं लावलीत ते बघायचं असतं.

याच विषयावर २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले शायर इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका नज्मच्या व्हिडिओवरून गुजरातमधल्या जामनगरला गुन्हा दाखल झाला होता. न्यायालयाने तो रद्द केला. बोलण्या-लिहिण्याचा गुन्हा असेल आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या दरम्यान असेल, तर थेट एफआयआर न करता कलम १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं त्यात म्हटलं आहे. ही चौकशी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने होते आणि १४ दिवसांत संपवायची असते. मुलाला अशा चौकशीसाठी बोलावलं तर पळून जाऊ नये. आपली बाजू मांडायची तीच पहिली आणि चांगली संधी असते.

हा निकाल शिवीगाळ करायचा परवाना नाही. दुसऱ्याच्या देवाला, महापुरुषाला नावं ठेवणं आपल्या दीनलाही मान्य नाही आणि कायद्यालाही नाही.

अटक झालीच तर

राज्यघटनेचं अनुच्छेद २२ दोन गोष्टींची हमी देतं: अटकेची कारणं सांगणं आणि आपल्या पसंतीचा वकील. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणंही त्याच अनुच्छेदात आहे. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. घरच्यांनी पुढचं बघावं:

• अटकेचा मेमो. कलम ३६ प्रमाणे अटकेच्या वेळी तो तयार करायचा. त्यावर घरातल्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही असते. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी स्पष्ट दिसायला हवी.

• कारणं, लेखी आणि समजेल अशा भाषेत. मुंबईच्या वरळी भागातल्या २०२४ च्या एका गाजलेल्या अपघात प्रकरणात, ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी कोर्टात नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी द्यायची. नाही दिली तर अटक आणि रिमांड बेकायदा ठरतात. ज्याला फक्त उर्दू वाचता येते त्याच्यासाठी हा निकाल किती मोलाचा आहे ते वेगळं सांगायला नको.

• घरच्यांना खबर. कलम ४८ प्रमाणे अटक कुठे केली आणि कुठे ठेवलंय हे नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

• डॉक्टरी तपासणी. कलम ५३ प्रमाणे अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी होते. अंगावर जखमा असतील तर त्या नोंदवायच्या. अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळते. ती मागून घ्याच.

• वकील. कलम ३८ प्रमाणे विचारपूस चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसेल असं नाही.

• स्त्रियांची अटक. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची नाही. अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यायची. अंगझडती बाईनेच, मर्यादा राखून घ्यायची. एखाद्याला पकडायला पोलीस घरात शिरत असतील आणि आत पर्दा करणारी स्त्री असेल, तर तिला बाजूला होण्याची मुभा आधी द्यायची, असंही कायद्यातच लिहिलेलं आहे.

• वयस्क. गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि माणूस साठीच्या वरचा किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक नाही.

घराची झडती झाली तर कलम १०५ प्रमाणे तिचं आवाजासह चित्रीकरण करायचं असतं. नेलेल्या वस्तूंची यादी पंचांच्या सहीने तयार होते. त्या यादीची प्रत घेतल्याशिवाय राहू नका. मुलाचा मोबाईल नेला तरी हाच नियम, जप्तीचा पंचनामा झालाच पाहिजे.

सही कुठे करायची, कुठे नाही

ठाण्याची भाषा नीट ऐकली तर ती आपल्याला परकी वाटू नये. फिर्याद, जबाब, जामीन, मुचलका, हवालदार, फौजदार, जप्ती, हद्द, पंचनाम्यातला नामा. फारसी-अरबी-तुर्कीतून मराठीत आलेले हे शब्द. ऐकायला ओळखीचे, पण कागद असतो मराठीत, सरकारी वळणाच्या अक्षरात. ज्यांचं शिक्षण उर्दू माध्यमात झालं ते आपले बुजुर्ग “साहेबांनी सांगितलं म्हणून” सही करून मोकळे होतात. इथे थांबायला हवं.

तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. कलम १८१ मध्ये हे स्पष्ट आहे. तो वाचून दाखवायला सांगा, चूक असेल तर दुरुस्त करायला सांगा. एफआयआरवर मात्र फिर्याद देणाऱ्याची सही लागते. पंचनाम्यावर पंचांची, अटकेच्या मेमोवर अटक झालेल्याची. नोटिशीची पोच देताना सहीसोबत तारीख आणि वेळ लिहा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही, आणि न वाचता तर अजिबात नाही. वाचता येत नसेल तर वाचता येणारं माणूस सोबत न्या. दहावीत शिकणारी नात असली तरी चालेल.

अनुच्छेद २०(३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरली जात नाही. मारहाण करून घेतलेल्या कबुलीला म्हणूनच किंमत नसते.

अठरा वर्षांखालचं मूल असेल तर

त्याला बाल न्याय कायदा, २०१५ लागतो. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही. पोलिसांनी साध्या कपड्यात यायचं. पालकांना लगेच कळवायचं आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. जामीन हा नियम आहे, नाकारणं अपवाद. किरकोळ गुन्ह्यात तर मुलावर एफआयआर न करता फक्त ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते. म्हणून जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला घरात एका जागी ठेवा. वय सिद्ध करायला तेच उपयोगी पडतात.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत, ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला. पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. लोक चिडले ते साहजिक होतं. पण आपण त्यातून एक धडा घ्यावा. त्या घराला बाल न्याय कायदा पहिल्या तासापासून माहीत होता. तोच कायदा औंढ्याच्या रिक्षावाल्याच्या मुलालाही आहे. फरक माहितीचा आणि वकिलाचा पडतो.

फिर्याद घेत नाहीत तेव्हा

कायदा फक्त आरोपीसाठी नसतो. आपल्या मुलीची छेड काढली, दुकान फोडलं, रस्त्यात मारहाण झाली, तेव्हा आपण फिर्यादी असतो. तिथे नेहमीची तक्रार ही की “एनसी करून घरी पाठवलं.” एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं.

“ही आमची हद्द नाही” हे उत्तरही आता चालत नाही. कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. आपल्या भागात याचं महत्त्व जास्त. लोणावळा शहर आणि लोणावळा ग्रामीण ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत. तळेगावच्या बाजूला पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाची हद्द सुरू होते, खंडाळ्याचा घाट उतरला की रायगड जिल्हा. लोकल, एसटी, एक्स्प्रेस-वे यांवर घटना घडली की हद्दीचा घोळ ठरलेला. त्या घोळात फिर्यादी अडकू नये म्हणूनच ही तरतूद आहे.

तरी घेतली नाही तर फिर्याद लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. शहरात असाल तर आयुक्तालयात वरिष्ठांकडे द्या. टपालाची पावती जपा. तिथेही दाद लागली नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मावळासाठी ते न्यायालय वडगावला आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणंही पोलिसांवर बंधनकारक आहे. बलात्कारासारख्या गंभीर गुन्ह्याची फिर्याद नोंदवायला नकार देणाऱ्या सरकारी नोकराला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली शिक्षा होऊ शकते.

नाकाबंदी, सण आणि रस्त्यात अडवणारे

पावसाळ्यात शनिवार-रविवारी लोणावळ्यात नाकाबंदी नेहमीची. गणवेशातल्या पोलिसाने मागितला तर परवाना दाखवणं आपलं कर्तव्य आहे. डिजिलॉकरमधला परवाना आणि गाडीची कागदपत्रं चालतात. दंड भरला तर पावती घ्या.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यात मुलंही होती. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी धबधबे आणि धरणांच्या परिसरात मनाई आदेश काढला. असा आदेश कलम १६३ खाली निघतो आणि तो मोडणं हा न्याय संहितेच्या कलम २२३ प्रमाणे गुन्हा आहे. पाहुण्यांना फिरवायला नेताना आदेश लागू आहे का ते बघा. तिथे अडवणारा पोलीस आपला जीव वाचवत असतो.

मात्र रस्त्यात गाडी अडवून कागद मागणारे, जनावरांची गाडी तपासणारे, जोडप्याला नाव विचारणारे साध्या वेशातले लोक पोलीस नसतात. सामान्य माणसाला गाडी तपासायचा हक्क नाही. त्याच्या डोळ्यांसमोर गंभीर गुन्हा घडला तर तो एखाद्याला धरू शकतो, पण विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांकडे सोपवावंच लागतं. अशा वेळी वाद घालू नका, गाडीतून उतरू नका, ११२ ला फोन करा. जमावाच्या हिंसेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये तहसीन पूनावाला प्रकरणात आदेश दिले आहेत. प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी त्यासाठी नेमायचा आहे. जात, समुदाय, भाषा अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेल्या खुनाला न्याय संहितेत आता स्वतंत्र कलम आहे, १०३(२).

सण जवळ आले की काही तरुणांना ‘प्रतिबंधक’ नोटिसा येतात. लोक त्याला चॅप्टर केस म्हणतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांत आयुक्तालयातले पोलीस अधिकारीच दंडाधिकारी म्हणून ती चालवतात, मावळात महसूल अधिकारी. ती शिक्षा नसते. शांतता राखीन असा बंध लिहून घेण्याची ती कारवाई असते. पण तिथेही कशाच्या आधारावर बोलावलं हे आदेशात लिहावं लागतं, आणि म्हणणं मांडायचा हक्क असतो. तारखेला गैरहजर राहू नका आणि वकिलाशिवाय बंध लिहून देऊ नका.

भीती आणि भरवसा

आपल्या समाजात पोलिसांबद्दल भीती आहे, आणि तिला इतिहास आहे. परभणीचा तरुण अभियंता ख्वाजा युनूस डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर स्फोट प्रकरणात अटक झाला. जानेवारी २००३ मध्ये तो कोठडीतून पळाला असं पोलिसांनी सांगितलं. त्याच्या वालिदैनने ते मानलं नाही. पुढच्या चौकशीत त्याचा मृत्यू कोठडीतच झाल्याचं पुढे आलं आणि चार पोलिसांवर खटला भरला गेला. मालेगावच्या २००६ च्या स्फोटात पकडलेले आपले लोक २०१६ मध्ये कोर्टातून दोषमुक्त झाले. ही दुखणी समाज विसरलेला नाही.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू बघा. ही घरं टिकून राहिली ती अर्ज, तारखा, अहवाल, वकील यांच्या जोरावर. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या दारापासून लॉकअपपर्यंत सीसीटीव्ही बसवायचा आदेश दिला, तोही एका अर्जावरच. कॅमेरे खरंच चालू आहेत का, यावर अजून वाद चालू आहे. ते विचारायचा हक्क नागरिकांचाच आहे.

आणि हेही खरं की ठाण्यातला अंमलदार बारा-बारा तास उभा असतो. गर्दी, घोषणा आणि पुढाऱ्याचे फोन यांनी तो सावध होतो. नोटीस हातात घेऊन वेळेवर आलेलं, वकील आणि घरातलं एक मोठं माणूस सोबत असलेलं कुटुंब बघून तोही नियमाने वागतो. पन्नास माणसं ठाण्याबाहेर उभी केली तर नवा गुन्हा दाखल होतो, त्यात आणखी पाच घरं अडकतात. ‘सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला दिलेले पैसे तर परत येतच नाहीत. लाच घेणं जसा गुन्हा, तसंच देणंही गुन्हा आहे.

घरात आजच करायच्या गोष्टी

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अपंग आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. तालुका समिती वडगावच्या न्यायालयात, जिल्हा प्राधिकरण पुण्याला शिवाजीनगर न्यायालयात. देशभराचा हेल्पलाइन नंबर १५१००.

मशिदीच्या जमातने वर्षातून एकदा, जुम्म्यानंतर अर्धा तास, एखाद्या वकिलाला बोलवावं. मदरशाच्या आणि शाळेच्या मुलांसमोर स्टेटसचा विषय मोकळेपणाने बोलावा. घरात एका पिशवीत आधार, जन्मदाखले, शाळेचे दाखले, भाडेकरार यांच्या प्रती ठेवाव्यात. एका वकिलाचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असावा, आणि भिंतीवरही लिहिलेला असावा, कारण मोबाईल जप्त होतो.

कुरआनमधली सर्वांत लांब आयत सूरह बकरामध्ये आहे. ती देण्याघेण्याच्या व्यवहाराबद्दल आहे: लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, व्यवहार लहान असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नका, अशी तिची शिकवण. ज्या उम्मतला उसनवारी लिहून ठेवायला शिकवलं, तिने आपल्या मुलाच्या आयुष्याचा मामला तोंडी निरोपावर सोडू नये. फोन आला तर सलाम-नमस्कार करा, नाव आणि ठाणं विचारा, लेखी नोटीस मागा, आणि दिलेल्या वेळेला मुलाचा हात धरून स्वतः जा.